स्पंज की बिनस्पंज

वहिनी, स्पंज की बिनस्पंज हे आपलं ठरायचं राहूनच गेलं. रविवारी सकाळी ठरणार होतं. दोन्ही रबरं आणून ठेवली होती, तुझ्या बॅटची काळी बाजू सोलून नुसतं लाकूड केलं होतं, आणि शनिवारी दुपारी तू जेवून उठलीस, दादाला म्हणालीस जरा पडते, आणि पडलीस ती पडलीसच. एकही मॅच कधी अर्धी टाकली नाहीस तू. हरत असलीस तरी शेवटच्या पॉइंटपर्यंत चिवटपणे लोंबकळायचीस, समोरच्याचा जीव नकोसा करायचीस. आणि ही एवढी मोठी मात्र अशी सोडून गेलीस.

घरी माणसं येतात. पाणी पितात आणि म्हणतात, चांगलं मरण आलं हो, कुणाला त्रास नाही दिला. दोन दिवस मी मान हलवली. तिसऱ्या दिवशी एक बाई तेच म्हणाली आणि मला राहवलं नाही, म्हटलं, मला झालाय ना त्रास, मला विचारा. तू असतीस तर पदराआड हसली असतीस, आणि ती बाई गेल्यावर मला झापलं असतंस.

लोकांना आपलं कोडंच होतं. नणंद-भावजयीने लोणची घालावीत, एकमेकींच्या चुगल्या कराव्यात. या दोघी हॉलमध्ये जाऊन टेबल टेनिस काय खेळतात? खरं तर खेळणारी मी. कॉलेजपासून माझा हात मारण्याचा. टॉपस्पिन हाणायचा, पुढे सरकायचं, परत हाणायचा. पुढे शाळेत खेळाची बाई झाले आणि शिट्टी फुंकता फुंकता निवृत्त झाले. शाळा सुटली आणि मला सकाळी उठायचं कशाला, हेच कळेना. तेव्हा मी सोसायटीच्या हॉलमध्ये जाऊन टेबलाचा अर्धा भाग उभा करायची आणि त्याच्याशी एकटीच खेळायची. उभं फळकूट बॉल परत देतं, पण फक्त परत देतं. नवीन पनवेलात एवढ्या बिल्डिंगा, एवढी माणसं, पण भर दुपारी माझ्याशी खेळायला एक माणूस मिळत नव्हतं.

तू डबा घेऊन आलीस. माझ्या घरी डबा ठेवून जायचीस ती त्या दिवशी शोधत हॉलवर आलीस आणि दारात उभी राहून बघत बसलीस. मग डबा प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवलास आणि म्हणालीस, "भिताडाशी काय खेलतंस गो? दे मना एक."

तू जासईची. माहेरची मिठागरं गेली, तिथे कंटेनर आले, तू आमच्या पनवेलच्या घरात येऊन म्हातारी झालीस, पण तुझं हाय-नाय काही गेलं नाही. आमच्या आईने सुरुवातीला टोकलं, मग तिनेच नाद सोडला. बॅट तू हातात कधी धरली नव्हतीस. त्यात उजवा खांदा धरलेला, हात वर जायचा नाही. खेळाची तुला काडीची आवड नव्हती, हेही मला माहीत होतं. मी एकटी पडलेय, हे तुला दिसलं म्हणून तू आलीस. मला कळलं होतं गं तेव्हाच. मी एका शब्दाने बोलले नाही. आपल्यात कुठे असलं बोलायची पद्धत होती.

खांदा वर जात नाही म्हटल्यावर तुला मारायला शिकवण्यात अर्थ नव्हता. पण कमरेखालून कापायला, म्हणजे बॉलच्या खालून बॅट फिरवायला, खांदा फारसा लागत नाही. म्हणून मी तुझ्यासाठी लांब दाण्यांचं, वर रबराचे बारीक खुंट असलेलं रबर आणायचं ठरवलं. तुला समजावून सांगितलं होतं ते आठवतं का? साधं गुळगुळीत रबर बॉलला पकडतं आणि स्वतःची फिरकी देतं. लांब दाणे मात्र बॉल लागला की वाकतात, बॉल त्यांच्यावरून सरकतो आणि मारणाऱ्याची फिरकी मारणाऱ्यालाच उलटी परत जाते. समोरचा जेवढा जोर लावेल तेवढा त्याच्याच अंगावर येतो. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, म्हणजे तुझ्याच सारखं, उलट उत्तर देणारं. तिथून पुढे ते रबर तुझं झालं.

पहिलं रबर चिकटवायला आपण तुझ्या ओट्यावर बसलो. पातळ रबर, सुरकुती पडायला टपलेलं. एकटीचं काम नव्हे ते. मी दोन्ही टोकं ताणून धरली आणि तुला सांगितलं, खालून वर लाटणं फिरव, मध्ये हवा राहू देऊ नकोस. तू लाटणं घेतलंस आणि सवयीने आधी त्याला पिठी लावलीस. चांगली मूठभर, तांदळाची. मी ओरडेपर्यंत लाटणं दाण्यांवरून फिरलंसुद्धा. ती पिठी दाण्यांच्या बुडात जाऊन बसली ती बसलीच. आठवडाभर तू बॉल कापलास की पांढरा धूर निघायचा आणि माझ्या चष्म्यावर यायचा. मी चिडायची, आणि तू हसून हसून टेबलावर डोकं ठेवायचीस. त्यानंतर दर वेळी रबर बदलताना तू लाटण्याला मुद्दाम चिमूटभर पिठी लावायचीस. मी काहीतरी बोलायची वाट बघत माझ्याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचीस, आणि मी बोलायचीच.

मला वाटलं होतं, महिनाभर माझं मन राखशील आणि भाजी निवडायला परत जाशील. तू तर पिसाळलीस. कडक दाणे की मऊ, बुडाशी जाड की बारीक, टोकाला गुळगुळीत की खरखरीत. कडक दाण्यांनी बॉल तुझ्या हातात राहायचा नाही, छताला लागायचा. फार मऊ आणले तर फिरकी उलटायची नाही, नुसतंच टपकायचं. तू रबर हातात घेऊन अंगठ्याने दाणा वाकवायचीस आणि तो किती लवकर उभा राहतो ते बघायचीस. मासळी बाजारात कल्ले उघडून बघतेस तसंच तोंड करून. खेळून झालं की खिडकीशी बसून एकेक ओळ तपासायचीस, दाणा बुडातून तुटला नाही ना. मधला एखादा दाणा गेला की बॅट बाद, हे मी एकदाच सांगितलं होतं.

आणि ते बॅट दाखवणं. नियम असा की खेळण्याआधी समोरच्याने मागितली तर आपली बॅट त्याला बघायला द्यायची. स्पर्धेतला नियम. रोज त्याच हॉलमध्ये त्याच दोघी खेळणार असतील तर कशाला? पण तू रोज द्यायचीस. दोन्ही हातांनी, हळदीकुंकवाचं वाण द्यावं तशी. मी उलटून पालटून बघायची, चालेल म्हणायची, मग माझी द्यायची. भांडून अबोला धरला असला तरी बॅट यायचीच, तोंड दुसरीकडे करून.

भांडणाचं मूळ एकच. स्पंज. दाण्यांच्या रबराखाली पातळ स्पंजाचा थर असतो किंवा नसतो. नसला की बॉल लाकडावर आपटल्यासारखा चटकन परत जातो आणि समोरच्याला कळत नाही काय झालं. पण त्याला टेबलाला चिकटून उभं राहावं लागतं आणि नुसतं अडवावं लागतं. थोडा स्पंज असला की मागे जाऊन, बॉल खाली उतरू देऊन, सावकाश कापता येतं. मी म्हणायची, बिनस्पंजाचं. तू म्हणायचीस, स्पंज. माझं म्हणणं शास्त्राला धरून होतं. आपला हॉल तो केवढा, मागे दोन पावलं गेलीस की खुर्च्यांचा ढीग, त्यामागे गणपतीचं मखर. तुझी पाठ किती वेळा त्या खुर्च्यांवर आपटली. तरी तू मागेच जायचीस. दगडावर डोकं आपटून घेणं परवडलं, पण तुला पटवणं नको.

मग तुला दम लागायला लागला. डॉक्टरांनी हृदयाच्या झडपेचं काहीतरी सांगितलं आणि धावपळ नको म्हणाले. त्या दिवसापासून आपलं भांडण तेच राहिलं, शब्दही तेच राहिले, पण मी भांडत होते ते रबरासाठी नव्हतं. मी म्हणायची बिनस्पंजाचं घे, टेबलाजवळ उभी राहा, पावलं कमी पडतील. मला म्हणायचं असायचं, जाऊ नकोस गं. सरळ तसं म्हणायला काय झालं होतं मला? पण जन्मभर मुलांना शिट्टी वाजवून आज्ञा देणारी बाई मी, मला तेवढंच येत होतं. आणि तू काही खुळी नव्हतीस. तुला सगळं कळत होतं, म्हणूनच तू ताकास तूर लागू देत नव्हतीस.

एकदाच बोललीस. पाण्याची बाटली हातात, धाप लागलेली, मी नेहमीचं पुराण लावलेलं. तू मला थांबवलंस. म्हणालीस, "जवल उभी राहून मी नुसती थोपवत बसन गो. मागं गेलं का बॉल येताना दिसतो. मना तो येताना बघाचा हाय."

मी काय उत्तर दिलं, तेही सांगते. मी म्हटलं, बघायचाय तर खुर्चीत बसून बघ. तू बाटलीचं बूच लावलंस आणि उठून परत मागेच जाऊन उभी राहिलीस.

आता विचार करते तर वाटतं, सगळा खेळच तुझा त्या वाक्यात होता. मी बॉल चढताना मारते, तो पुरता येऊच देत नाही. तू येऊ द्यायचीस. वरून खाली उतरू द्यायचीस, अगदी गुडघ्यापर्यंत, मला वाटायचं आता गेला, आणि तेवढ्यात खालून बॅट यायची. घरातही तुझं तेच. आईचं शेवटचं आजारपण, दादाची गेलेली नोकरी, माझं मोडलेलं लग्न, काहीही अंगावर आलं तरी आधी नीट येऊ द्यायचीस. माझं लग्न मोडलं तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मला काहीतरी सांगितलं. तू फक्त माझ्या खोलीत येऊन सुकट निवडत बसायचीस. उपकार म्हणायचे तर ते सगळ्यात मोठे होते.

त्या दमाच्या दिवसांत मी एकदा बॉल मुद्दाम नेटमध्ये घातला. तुझा चेहरा राखेसारखा झाला होता आणि पॉइंट संपत नव्हता. मला वाटलं, हिला कळायचं नाही. तू बॅट टेबलावर ठेवलीस. म्हणालीस, "भीक नको गो मना." तो पॉइंट तू घेतला नाहीस. परत सर्व्हिस करायला लावलीस, आणि परत मागे जाऊन कापलंस, आणि हरलीस. मग कितीतरी दिवस माझ्याशी बोलणं बंद. बॅट मात्र रोज दाखवायला पुढे करायचीस.

शेवटी मीच तडजोड काढली. तुझे जुने दाणे तुटायला आलेच होते. म्हटलं, दोन्ही रबरं आणू. रविवारी एक सेट याने, एक सेट त्याने. ज्याने जास्त टिकशील ते कायमचं, आणि पुन्हा तोंड उघडायचं नाही. तू लगेच हो म्हणालीस, म्हणजे जिंकायची तुला खात्री होती. शुक्रवारी आपण दोघींनी मिळून जुनं रबर सोललं. शनिवारचं वर सांगितलंच.

दहाव्याला मी गाढी नदीच्या काठावर गेले. बायका जात नाहीत म्हणे घाटावर. मी गेले. कोण अडवतंय ते बघू म्हटलं, कुणी अडवलं नाही. पिंड ठेवले, भाताच्या बाजूला तुझ्या आवडीचा सुक्या बोंबलाचा तुकडाही दादाने ठेवला. समोरच्या झाडावर कावळे बसलेले होते. बघत होते, येत नव्हते. वरून विमान गेलं, त्या आवाजानेही उडाले नाहीत, आणि आलेही नाहीत.

तुला माहीतच आहे मग काय करतात ते. मेलेल्याचं काय अडकलंय ते शोधायचं आणि वचन द्यायचं. दादा हात जोडून म्हणाला, पोराचं लग्न करतो यंदा. कावळा हलला नाही. तुझा भाऊ म्हणाला, जासईच्या देवीला साडी नेसवतो. नाही. कुणीतरी म्हणालं, नातवंडाचं नाव तिचं ठेवू. नाही. ऊन चढायला लागलं. भटजी घड्याळ बघायला लागले. मग दादा माझ्याकडे वळला. तो त्या दिवसांत एकही वाक्य धड बोलला नव्हता. म्हणाला, "सुनीता, तुझं काय राहिलंय तिच्याशी?"

सगळ्यांच्या देखत मी पुढे झाले, वहिनी. चप्पल काढली, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "स्पंज. तुझंच खरं. स्पंजाचंच लावू." मागे कुणीतरी कुजबुजलं, काय म्हणाली, कसला स्पंज? तुझा भाऊ माझ्याकडे डोकं फिरल्यासारखं बघत होता. मला कुणाची पर्वा नव्हती. मी झाडाकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी हार मानली होती, आणि मला खात्री होती की आता येणार.

नाही आला. एकही नाही आला. आम्ही आणखी थांबलो. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला, आणि सगळे घाईघाईने गाड्यांकडे चालायला लागले. दादा माझा दंड धरून मला घेऊन गेला. गाडीत मला रडू आलं नाही. मला तुझा राग आला होता. एवढं सगळ्यांसमोर नाक घासलं आणि तुला तेही पुरलं नाही.

घरी येऊन आंघोळ केली, केस पुसत बसले, आणि एकदम कळलं. कावळ्यांना भूक नव्हती, दुसरं काही नाही, हे मलाही समजतं. मी शिकलेली बाई आहे. पण तू तिथे असतीस तर तू तरी ते कसं घेतलं असतंस? मी मुद्दाम सोडलेला पॉइंट होता तो. मला स्पंज पटलेला नाही. मी तुला खूश करायला बोलले, आणि तशा पॉइंटला तू हात लावत नाहीस. मी वीस जणांना फसवलं असतं, तुला कशी फसवणार?

म्हणून मी माझं वचन मागे घेते. बिनस्पंजाचंच. माझं अजून तेच म्हणणं आहे. तू टेबलाजवळ उभी राहायला हवी होतीस. हळूहळू, नुसतं अडवत, कंटाळत, माझ्यावर वैतागत, पण उभी राहायला हवी होतीस गं माझ्यासमोर आणखी काही वर्षं. कर आता काय करायचं ते. भांड माझ्याशी. तू भांडत नाहीस तर मला या घरात, या गावात दुसरं कुणी नाही भांडायला. सकाळी जाग येते आणि आधी तुला काय सुनवायचं ते सुचतं, मग आठवतं. रोज तेच होतं. लोक म्हणतात, वेळ जाऊ दे, कमी होईल. मला ते कमीही व्हायला नकोय आणि सोसवतही नाहीये.

आज दुपारी तुझी बॅट घेऊन तुझ्याच ओट्यावर बसले. दादा आत झोपला होता, म्हणजे भिंतीकडे तोंड करून पडला होता. दोन्ही पाकिटं फोडली आणि स्पंजाचं बाजूला ठेवलं. बिनस्पंजाचं घेतलं, मागचा कागद सोडवला, लाकडावर धरलं. लाटणं काढलं. डब्यातून चिमूटभर पिठी घेऊन त्याला लावली आणि थांबले. ओरडणारी मीच होते, मग ओरडायचं कुणावर?

एका हाताने ताणायचं आणि एका हाताने लाटायचं. नाही जमलं. रबर एका बाजूने बसलं, दुसऱ्या बाजूने निसटलं, परत उचललं, परत बसवलं, आणि बरोबर मधोमध हवेचा फुगा राहिला. लाटणं दाबून फिरवलं तर तो पुढे सरकतो, मागे सरकतो, पण जात नाही. किती वेळ मी तेच करत बसले. हातांना, ओट्याला, साडीला सगळीकडे पिठी झाली.

संध्याकाळी बॅट घेऊन हॉलवर गेले. कुणी नव्हतं. टेबल पुसलं, नेट लावली. तुझ्या बाजूला खुर्च्यांच्या ढिगापाशी जाऊन उभी राहिले, जिथून तुला बॉल येताना दिसायचा. तिथून टेबल केवढं लांब दिसतं गं. मग माझ्या बाजूला आले आणि तुझी बॅट नेटच्या पलीकडे ठेवली, तुला बघायला.

तू असतीस तर दोन्ही हातांत घेतली असतीस, खिडकीशी नेऊन एकेक ओळ बघितली असतीस, त्या फुग्यावर अंगठा दाबला असतास आणि परत देत म्हणाली असतीस, नाय चालाची गो ही.

माहीत आहे मला, वहिनी. नाही चालायची.